सतरंजीवरचे पांढरे बूट

रविवार, संध्याकाळ. चौक गाव.

ते पांढरे बूट अजून डोक्यातून जात नाहीत.

आज उपासनेला मुंबईहून एक तरुण पास्टर आला होता. मोहोपाड्यात चर्चची नवी मंडळी उभी करणार म्हणे, आणि सुरुवातीला आमच्यातली दहा-बारा घरं त्याला हवीत. ‘बदलत्या काळाची उपासना’ कशी असते ते त्यानं मोबाइलवरून वाचून दाखवलं. वाचून! तेही आमच्या सतरंजीवर बूट घालून उभं राहून. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. दिसला नसेल? की दिसूनही?

शेवटी आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या सुगंधाबाईच बोलल्या, “पास्टर, बूट काडा. आमी इथं डोकं टेकतो.”

तो हसला. “आजी, देव मन बघतो.”

व्वा! मेंढपाळ व्हायला निघालाय आणि मेंढरं कुठं बसतात ते ठाऊक नाही. बूट मात्र कसे लख्ख! कधी कुणाच्या शेताच्या बांधावर गेलेच नसावेत.

तो गेल्यावर सुगंधाबाई सतरंजी झटकायला लागल्या. मी म्हटलं, “याला माणसांत बसता येत नाही, हा कसली मंडळी उभी करतोय?”

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. “तुमी तरी कवा बसलात, पास्टर? बारा वर्सं झाली, तुमची खुर्ची काय हलली नाय.”

मी खुर्चीवरूनच बोलत होतो. चटकन उठलो, सतरंजीचं दुसरं टोक धरायला वाकलो.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुमी बसा.”