झोक्याचा दोर

गुरु. २४ जुलै
सोनीचा सासरहून फोन. लग्नानंतरची पहिली पंचमी, सोमवारी येतीय. "पप्पा, औंदा तरी झोका बांधा. दरसाल फांदीचं कारण सांगता." सांगतो खरं. दारातल्या कडुलिंबाची फांदी माझ्या मांडीएवढी जाड आहे. नंतर दुकानात जळकी मोटर भरताना, नवी तार गुंडाळताना, तार दोनदा तुटली. हे काम कुणाकडं शिकलो नाही, पण बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

शुक्र. २५ जुलै
लिहूनच टाकतो. मी सात वर्षांचा. युसूफ वडगाव, मामाचं घर, पंचमी. आई उभ्यानं झोका घेतेय, हिरवं लुगडं, खळखळून हसतेय. दोर एवढा जाड की तिच्या मुठी मिटत नाहीत. तिचं असं हसणं माझ्याकडं हे एकच. पण ते आठवलं की दोराचा कासरा होतो. बैलाचा, आबा, माझे वडील, तिला ज्यानं मारायचे तो. मग झोकाही आबांनीच बांधलेला दिसतो, म्हणून दारात बांधवत नाही. आबा जाऊन अकरा वर्षं झाली. कासरा काही...

सोम. २८ जुलै
आईचा भावाचा उपास. मामा वारला तरी धरते. सोनी आली ती थेट तिच्यापाशी. "आजी, पप्पाला सांग की!" मग मीच आईला विचारलं, जन्मात पहिल्यांदा. वडगावच्या झोक्याला आबांचा कासरा होता ना?
"येडा हायस का? तुजा बाप कदी आलता पंचमीला? मोटंचा नाडा होता त्यो, हिरीतनं पानी वढायचा. माज्या भावानं बांधलता."
उठलो. शेजारच्या गोठ्यातला कासरा हातात धरून बघितला. आजवर शिवलो नव्हतो. बोटाएवढा जाड. मूठ पक्की मिटते.

मंगळ. २९ जुलै, पंचमी
दोर नवा, मांजरसुंब्याहून. गाठ मीच मारली, आधी स्वतः लोंबकळून तपासली. सोनीनं झोका घेतला. मग आई बसली. गुडघ्यांमुळं उभं राहवत नाही.
"हळू कावून देतूस? मी काय मोटर हाय, जळंल म्हनून?"
जोरात दिला. हसली. सोनीही. लई हलकं वाटलं.
मी झोका बांधावा म्हणून तर आई तसं बोलली नसेल? मामा नाही, विचारायचं कुणाला. पण न मिटलेल्या मुठी मी आधीच लिहून ठेवल्यात, तिला विचारण्याच्या तीन दिवस आधी.
दुपारी डोळे मिटून वडगावचा झोका बघितला. आबा दिसले नाहीत. दोर नीट दिसला नाही.
सोनी दोर सोडायला निघालती. म्हणलं, राहू दे. उद्या परत डोळे मिटून बघतो.