बापाच्या गाठी

धनीरामदादा, रामराम.

मी येत्या बुधवारी पवनीले महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन राहिलो. त्यानंतर जीव मारणं बंद, मासोळी खाणं बंद. ढिवराच्या घरी हे काय नवीन, असं तू चिखल्याच्या खाणीच्या क्वार्टरातून येऊन म्हणशीन. माही बायको दुर्गा तं रोजच म्हणते, "देवानं तुमाले बोलावलं, मंग पोट कोण भरन?"

खरं सांगतो, देवाचा आवाज मी ऐकला नाही. तलावात जाळं ओढताना मनात 'सोड' असं तीनदा आलं. दोनदा मी लक्ष देलं नाही. तिसऱ्या खेपेले हातात मोठा रोहू होता, तो सोडला. तो देव होता का माहंच भेव, हे अजून समजलं नाही. पण समजेपर्यंत थांबलो तं म्हातारा होईन.

औंदा तलावात शिंगाडा लावतो. त्याचे वेल बांधायले सूत लागते, म्हणून बापानं विणलेलं जाळं गाठ-गाठ उकलून राहिलो. विकलं असतं तं मासोळ्या दुसऱ्याच्या हातून मेल्या असत्या. बापाच्या गाठी लय घट्ट आहेत. नखं सुजली.

अर्ध्यावर मात्र थांबलो. उरलेलं जाळं तुह्या वाट्याचं. ते खुंटीवर टांगलं आहे, अन् हे पत्र त्यातच बांधून ठेवतो. आता पोस्टात टाकलं तं तू धावत येशीन, अन् तुह्या तोंडावर मले लहानपणापासून नाही म्हणता येत नाही. बुधवार झाला का तुले बोलावून घेतो, मंग हे वाचजो. तुहं अर्धं पाण्यात टाकायचं का उकलायचं, ते तू पाहजो. माह्या अर्ध्यात आता एकही गाठ नाही.

दंडवत प्रणाम.
तुहा खेमराज