सतरा नंबरच्या चुका

प्रिय मास्तरीणबाई,

दीड वर्षानं माझं अक्षर बघून पाकीट फाडायला निघाली असशील, तर थांब. भांडायला लिहीत नाहीये. कॉलेज सोडलं ते सोडलंच, आता बाबांच्या दुकानात फोटोंच्या फ्रेमा करतो. काच कापताना तिच्यावर हिरा एकदाच ओढायचा असतो. मन भरलं नाही म्हणून दुसऱ्यांदा ओढला की काच भलतीकडेच तडकते. पहिल्या महिन्यात किती फोडल्या विचारू नकोस. तू असतीस तर मोजून वहीत टिपल्या असत्यास.

बाबा दुकानात असतात, पण नुसते स्टुलावर बसून. तुझा शाळेतला गटाचा फोटो त्यांनीच मढवला होता आणि 'पोरी, तू ह्यात कुठली ते सांगू नकोस, मी ओळखतो' म्हणून बरोबर ओळखलं होतं तुला. तोच माणूस. गेल्या वर्षी एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता. बाबा फोटो बघून खो खो हसले, म्हणाले, 'सुटलात की हो! तोंडावरूनच कटकट्या दिसतोय.' मी त्या बाईंचे पाय धरले. नंतर ते गिऱ्हाइकांच्या पिशव्या उचकायला लागले, त्यातलं दिसेल ते खायला लागले. आई म्हणाली, वय झालं. मी डोक्यात राख घालून त्यांच्याशी भांडत बसलो. त्याचंच आता जास्त लागतं.

शेवटी बाबांना दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मेंदूचा फोटो दिव्यासमोर धरला. कपाळामागचा भाग वाळल्या फळासारखा आकसलेला. हा भाग काय करतो ते त्या सांगायला लागल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'घरातली मोठी बहीण असते ती. सगळ्यांना थांब म्हणते.' त्यांनी चमकून विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, एका मुलीकडून.

बाबांच्या रक्तात बिघडलेलं एक जनुक निघालं. ते लेकराकडे उतरायची शक्यता निम्मी. मीही रक्त देऊन आलोय. आई म्हणते, 'तू पाळण्यातच असा तापट होतास, तुला वेगळा आजार कशाला हवा?' हसते, आणि मग स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहते.

आता तुझ्या प्रयोगशाळेतली ती दुपार. डोक्यावर वायरींची टोपी, समोर पडदा, तुझ्या यादीत माझा नंबर सतरा. हिरवा गोल आला की बटण दाबायचं, लाल आला की बोट आवरायचं. साठ लाल गोलांत मी एक्केचाळीस वेळा दाबलं. सगळ्यांसमोर तू हसत म्हणालीस, 'सतरा नंबर, तुझ्या कपाळामागे ब्रेकच बसवलेला नाही!' मी टोपी उपटून फेकली, तुला नको ते बोललो, आणि त्याच आठवड्यात सरांशी वाजवून कॉलेजला रामराम ठोकला. ब्रेक नाही ना, मग घ्या, असं.

खरं तेव्हा सांगितलं नाही. दोन गोलांच्या मध्ये पडदा क्षणभर काळा व्हायचा, आणि त्यात मागे बसलेली तू दिसायचीस. मी चुकलो की तू केसांतली पेन्सिल काढायचीस, टिपायला वाकण्याआधी मान वर करून माझ्याकडे बघायचीस. बरोबर केलं की बघायची नाहीस. म्हणून मी चुकत गेलो. लाल गोल मला स्वच्छ दिसत होता गं. एक्केचाळीस वेळा दिसला, एक्केचाळीस वेळा मुद्दाम दाबलं.

तुझ्या अभ्यासातून सतरा नंबर काढून टाक, तो खोटा आहे. पण एवढ्यासाठी नाही लिहिलं. रिपोर्ट परवा सकाळी मिळतोय. त्यात ते जनुक निघालं, तर माझं सगळंच त्याच्या खात्यावर जाईल: सोडलेलं कॉलेज, फेकलेली टोपी, तूसुद्धा. सगळे म्हणतील, बिचारा, तेव्हापासूनच सुरुवात होती. कदाचित तूही म्हणशील. त्याच्या आत तुझ्या हातात हे पडावं म्हणून आज, मला काहीच ठाऊक नसताना, लिहितोय. राग माझा होता. त्या चुकाही माझ्याच होत्या, आणि कशासाठी केल्या ते मला पक्कं माहीत होतं.

उत्तर पाठवू नकोस, असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. पण तेवढा ब्रेक खरंच नाही माझ्याकडे.

तुझाच,
सतरा नंबर