दवाखान्याच्या जीपचं इंजन

उस्ताद, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की रिसोडात तुमच्या गॅरेजची जागा दाखव म्हटलं तर मलाही ती चटकन सापडायची नाही. परवा माझ्या वर्कशॉपात एक जण जुनी गाडी घेऊन आला. म्हणाला, यात दुसरं दणकट इंजन बसवून द्या, शर्यतीत पळवायची आहे. मी नाही म्हणालो. कारण त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण यातलं बरंचसं तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. तुमच्याकडे लागून मला चार वर्षं झाली होती. वय तेवीस, लग्न झालेलं, हात कामावर बसलेला. त्याआधी मालेगावात दोन मिस्त्र्यांनी माझी वस्ती कोणती ते विचारलं होतं आणि दारातूनच परत पाठवलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "पाना धरता येते काय?" दुपारी तुम्ही मला घरी जेवायला न्यायचात. चाची चुलीपुढं बसून भाकरी थापताहेत, तुमचं आणि माझं ताट शेजारी शेजारी आहे, पाण्याचा तांब्या एकच आहे. हे मी विसरलो नाही. म्हणूनच पुढच्या गोष्टीची किळस इतकी वर्षं टिकली. परक्या माणसाची किळस धुऊन टाकता येते.

त्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्याची जीप आपल्याकडे आली होती. आपण तिचं इंजन पूर्ण खोललं, बोअर केलं, नवे पिस्टन टाकले. पाण्याचा पंप बसवताना माझ्या हातून एक बोल्ट जास्त आवळला गेला आणि ब्लॉकमधले आटे उडाले. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "काहून रे, इंजन हाय का उखळ? जीव लावून आवळून राह्यला!" मग मला लेथवर उभं करून त्या भोकात बसवायला पितळेची बारीक बुश बनवायला लावलीत. तीन बुशी वाया गेल्या, चौथी बसली. जीप गेली तेव्हा तिचा आवाज असा होता की रस्त्यावरचे लोक वळून बघत.

दोन महिन्यांनी जिनिंगवाल्या शेठचा मुलगा त्याची छोटी परदेशी गाडी घेऊन आला. आपलं गॅरेज त्याच शेठच्या जागेत होतं. लांबच्या एका शहराबाहेर जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्यात त्याला पळायचं होतं, आणि गाडीचं मूळ इंजन त्याला मिळमिळीत वाटत होतं. दुसरं इंजन तो बैलगाडीतून घेऊन आला, ताडपत्रीखाली. म्हणाला, "भंगारात भेटलं. दवाखान्याच्या बाबूनं निकामी दाखवलं."

मी ताडपत्री काढली. पाण्याच्या पंपाजवळ पितळ चमकत होतं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हीही तेच पाहत होता. मुलगा गेल्यावर मी म्हणालो, "उस्ताद, हे आपलंच इंजन हाये. निकामी कसं झालं?"

"तुले इंजन बसवता येते ना?" तुम्ही म्हणालात. "मंग बसव. वळखू नको."

आणि आपण ते बसवलं. जुनं इंजन उतरवलं. गिअरबॉक्स जुळेना म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट कापून घेतली. नवं इंजन उंच, म्हणून बोनेटला भोक पाडलं. रेडिएटर पुढं सरकवला. पुढची बाजू वजनानं बसली म्हणून स्प्रिंगांना पट्ट्या वाढवल्या. सहा आठवडे.

चौथ्या आठवड्यात त्या दवाखान्याच्या सिस्टर आल्या. एसटीनं आल्या होत्या, पांढऱ्या साडीचे काठ धुळीनं लाल झालेले, काखेत लशीचा डबा. तुम्ही बाजेवर चहा पीत होता. मी गाडीच्या पुढ्यात, दोन्ही हात त्या इंजनात.

"मिस्त्री, आमच्या जीपचं इंजन तुमच्याकडं दुरुस्तीले पाठवलं म्हणते बाबू. कवा भेटन?"

तुम्ही कप खाली ठेवला नाहीत. "आमच्याकडं नाही आलं, बाई."

"मंग कोणाकडं गेलं? मी वाशीमले जाऊन आली, मालेगावले जाऊन आली." त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच सांगू लागल्या, "मागच्या हप्त्यात विहिरीच्या कामावर एका बाईच्या पायावर दगड पडला. बैलगाडीत टाकून नेली. सकाळी निघाली ते संध्याकाळी पोचली. पाय कापला तिचा. जीप असती तर…"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी तरी पाह्यलं काय?"

इंजन त्यांच्यापासून चार हातांवर होतं. त्यांना काय कळणार, कुठलं लोखंड कोणाचं. मी मान हलवली. नाही. त्या डबा सावरत स्टँडकडे गेल्या आणि तुम्ही उरलेला चहा प्यायलात. तो घोट घेतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी म्हणालो, "उस्ताद, त्या बाईचा पाय गेला."

"आन् मी खरं सांगतलं तं ही जागा जाईन. शेठ उद्या टाळं लावन. तू खाशीन काय, तुही बायको खाईन काय?"

तुम्ही भ्याला होता, हे मला तेव्हाही कळलं. पण पुढं जे झालं ते भीतीनं झालं नाही. शर्यतीत मुलाचा दुसरा नंबर आला. गाडी रिसोडात आणून बाजारातून मिरवली, गुलाल उधळला, आणि शेठनं तुमच्या गळ्यात हार घातला. तुम्ही हसत होता, उस्ताद. तोंडभर, पान खाल्लेले दात दाखवत. ते हसणं बघून मला तुमची किळस आली. मी दुसऱ्या दिवसापासून आलो नाही. आठवड्यानं चाचींनी पान्यांचा नवा संच माझ्या घरी पाठवला, तुमच्याकडून. मी घेतला. आभार कळवले नाहीत.

गाडी पुन्हा कधी पळाली नाही. मुलाचा शौक फिटला. जिनिंगच्या मागं, सरकीच्या कचऱ्यात ती सडली, आणि तिच्यासोबत ते इंजनही. पुढच्या वर्षी शिरपूरला जाताना मी वाट वाकडी करून त्या दवाखान्यात गेलो. जीप झाडाखाली उभी होती. बोनेटखाली रिकामा खड्डा, सीटवर कोंबड्यांची घाण. सिस्टरांची बदली झाली होती. कोणी काही विचारण्याआधी मी निघालो.

तुम्ही गेलात तो निरोप मला मालेगावच्या स्टँडवर मिळाला. दुपारी असरच्या नमाजानंतर माती होती, रिसोडची गाडी समोर लागली होती, सहज पोचलो असतो. मी गेलो नाही. बायकोला सांगितलं, "ज्या माणसाची किळस येते त्याच्या मातीला कायले जाऊ?" तिला ते पटलं. मलाही पटलं, बरीच वर्षं.

पण एक गोष्ट तिला सांगितली नाही. तुमचं गॅरेज सोडल्यावर मी मालेगावच्या मोठ्या वर्कशॉपात काम मागायला गेलो. पूर्वी ज्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं, त्यांच्यापैकीच एकाचं. या वेळी मी वस्ती विचारायला वेळच दिला नाही. छाती पुढं काढून म्हणालो, "रिसोडची ती शर्यतीची गाडी पाह्यली ना? तिच्यात जीपचं इंजन बसवणारा मीच." त्यानं मला आत बोलावलं, खुर्ची दिली. त्याच कामावर माझी मुलं शिकली, त्याच कामातून हे वर्कशॉप उभं राहिलं.

तुमच्या कबरीपाशी जाऊन हे वाचावं, असं लिहायला बसताना मनात होतं. आता नाही. खुर्चीवर बसताना मीही हसलो होतो, उस्ताद.