पांढरी जोडी

बाबा, आज तान्हा पोळा. तुम्ही रंगवलेले लाकडी बैल अजून त्याच कापडी पिशवीत आहेत, चार पांढरे, चार तांबडे, चार काळे. नेरच्या शाळेत दिवसभर गणित शिकवून आलात, तरी या दिवशी स्वयंपाकघरात पाटावर बसून ती पिशवी माझ्यापुढे धरायचात. "पाह्यचं नाही. एका रंगाची जोडी हमखास लागली पाह्यजे. किती काढशीन?" मी म्हणायची, दोन. "अन् दोन्ही येगळे निघाले तं?" मग तिसऱ्याला निघेल की, असं म्हटलं की तुम्ही चिडायचात. "निघन बिघन नाही. नशीब तुह्यावर डूख धरून बसलं हाये असं समज, अन् मंग मोज." तीन रंगांचे तीन निघाले, की चौथ्याला कुणाशी तरी जोडी लावावीच लागते, हे कळलं तेव्हा मी घरभर नाचले होते. पण मला पांढरीच जोडी हवी असायची. तुम्ही हसायचात. "पांढऱ्याचाच हट्ट हाये? मंग बाकीचे आठही आधी बाहेर येतीन असं धर. दहा काढा लागतीन, बाई."

तुमची नात आता आठ वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलंच नाही. दोन महिने झाले, तिचा ताप हटत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी तिच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला नागपूरला पाठवलाय, रिपोर्ट उद्या येईल. वाईटात वाईट काय, ते मी तुमच्यासारखंच सरळ विचारलं. त्यांनी सांगितलंही. तुमच्या गणितात सगळं वाईट होऊन गेलं की पुढचा बैल हमखास आपला असायचा. इथे पुढचा बैलच नाही, बाबा. मला फार भीती वाटते आहे.

सकाळी तिने अंथरुणातूनच पिशवीकडे बोट दाखवलं. "आई, दोनच काढ. पांढरी जोडी निघाली तं मी बरी होईन." असं नसतं बाळा, दहा काढावे लागतात, हे सांगायला हवं होतं. मी पिशवीत हात घातला. दोन्ही पांढरे निघाले. कित्येक दिवसांनी ती खळखळून हसली, जोडी उशाशी उभी केली आणि झोपली.

हे पत्र मी कुठे टाकणार? उरलेल्या बैलांसोबत पिशवीतच ठेवते. तुम्ही विचारलंच असतं, म्हणून सांगते. पिशवीचं तोंड मी माझ्याकडे धरलं होतं. मी बघून काढले.