उलटा फिरणारा दिवा

२ मार्च

आलो एकदाचे! टेम्पोवाल्यानं निघाल्यापासून जो तोंडाचा पट्टा सुरू केला तो इथं दारात येऊनच थांबवला, पण कपबशीलासुद्धा धक्का लागू दिला नाही, म्हणून त्याला माफ. वर दोन खोल्या, खाली फरसबंद अंगण, समोर मालकांची शेड. नानांनी आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची बळकावली आणि जाहीर केलं की सामान लावणं हे वायरमनचं काम, वायरमनच्या वडिलांचं नव्हे. वायरमन म्हणजे मी. पोरगी वायरिंग शिकली तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी याच नानांचा उजवा हात, पाय आणि जीभ एकदम लुळी पडली होती. अँब्युलन्समध्ये त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं. आज त्याच हातानं चहा ढवळत मला टोमणे मारतायत. आई गेल्यापासून मला त्यांच्याशिवाय कोणी नाही आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून एवढा भाव खातात. खाऊ देत.

काम माझ्या आवडीचं आहे. मालकांनी भंगारातून अँब्युलन्स, आगीचे बंब, पोलिसांच्या गाड्या यांवरचे जुने फिरते दिवे जमवलेत. ते सगळे पुन्हा पेटते, फिरते करायचे. हात आत्तापासूनच शिवशिवतायत.

४ मार्च

सुरुवात शेडमधल्या अँब्युलन्सवरच्या लाल दिव्यापासून. अख्खी गाडीच ठेवलीय मालकांनी, आतल्या स्ट्रेचरसकट. दिव्याचं पोट उघडलं आणि हसूच आलं. किती साधी युक्ती! मधला बल्ब जागचा हलत नाही. त्याच्याभोवती एक छोटी मोटर आरसा फिरवते आणि बघणाऱ्याला वाटतं दिवाच फिरतोय. ग्रीसचं डांबर झालेलं, तारांवरचं कापडी वेष्टण हात लावला की गळून पडत होतं. खरवडलं, धुतलं, नव्या तारा ओढल्या, सोल्डर मारलं. काचेभोवतीची चकचकीत असायला हवी ती कडी गंजून खपली झालीय, ती शेवटी बघू.

मालक अंगानं वाळकुडे, मितभाषी. ही गाडी तेच चालवायचे. बोलता बोलता म्हणाले की त्यांच्या बायकोची शेवटची फेरी याच गाडीतून झाली, स्टिअरिंगवर तेच होते, आणि दवाखान्याचं फाटक दिसत असताना ती गेली. त्यांनीच विषय बदलला, कडी चमकेल ना म्हणून विचारलं. चमकेल म्हटलं.

७ मार्च

पेटला! पहिल्या झटक्यात पेटला आणि फिरला. लाल पट्टा भिंतींवरून धावत गेला तेव्हा मालकांनी डोळे पुसले. नाना खाली येऊन स्टूल टाकून बसले, फुकटचा सिनेमा कोण सोडतो म्हणाले. नवी ग्रीस मुरायला दिवा दिवसचे दिवस चालू ठेवावा लागतो, तसा ठेवलाय. नाना तिथून हलायला तयार नाहीत.

९ मार्च

गंमत झाली. कडीला मी अजून हातसुद्धा लावलेला नाही आणि ती आरशासारखी चमकतेय. मालकांनी पाठ थोपटली. मी गप्प बसून कौतुक पदरात पाडून घेतलं. आयतं मिळालं तर कोण नको म्हणेल?

मनगटावरचा भाजल्याचा जुना डाग मात्र हुळहुळतोय. सोल्डरचा थेंब पडला होता त्याला वर्ष झालं. कुठंतरी घासला असेल. आज कामात लक्ष लागलं नाही. बसले की उठावंसं वाटत होतं, उठले की कशाला उठले ते आठवत नव्हतं.

१० मार्च

अँब्युलन्सच्या पत्र्यावरचा गंज कमी झालाय. मालकांनी घासला असेल असं मी स्वतःला सांगितलं. मालक तर दिवसभर स्ट्रेचरजवळ बसून असतात, पॉलिश पेपर त्यांच्या हातात मी पाहिलेला नाही.

मनगटावर फोड आलाय. पाण्यानं भरलेला, ताजा.

नानांच्या हातून कप पडला. कपाचं वय झालं म्हणून हसले. मला हसू आलं नाही.

११ मार्च

नानांना शब्द सापडत नाहीयेत. सकाळी मला हाक मारायला गेले आणि तोंड उघडं ठेवून बघतच राहिले. डॉक्टर येऊन गेले. विश्रांती द्या म्हणाले. उजवा हात लुळा पडत चाललाय हे त्यांना दिसलं, का ते सांगता येईना.

दिवा बघायला गेले. बुडाच्या पत्र्यावरचा गंज जाऊन तिथं कोरलेला बाण उघडा पडलाय. आरसा कुठल्या बाजूनं फिरायचा त्याचा बाण. आमचा आरसा उलटा फिरतोय!

मग डोक्यात लख्ख झालं. जुन्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडायचे. हल्ली मायनस जोडतात. मी सवयीनं मायनस जोडलं. बल्बला दोन्ही सारखंच, तो पेटतो. मोटर मात्र उलटी फिरते. पेटला म्हणून मी खूश आणि तो पहिल्या दिवसापासून उलटा.

गंज गेला. फोड आला. नानांचा हात मागच्या वर्षीसारखा गेला. सगळं मागे चाललंय. मी नानांना हौसेनं त्याच्या पुढ्यात बसू दिलं.

बंद करायला धावले तर मालक बटणासमोर आडवे उभे राहिले. त्यांनी अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं. स्ट्रेचरवरच्या घोंगडीखाली कोणीतरी होतं. बाहेर एक हात होता, बोटात अंगठी. बोटं हलली.

१२ मार्च

नानांना आतल्या खोलीत ठेवलंय, तिथं उजेड पोचत नाही. पण गेलेलं परत येत नाहीये. उजवी बाजू लाकडाच्या ओंडक्यासारखी. डोळे तेवढे माझ्यामागे फिरतात.

दिवा सरळ फिरवला तरच नाना मिळतील. मालक ऐकत नाहीत. हात जोडले त्यांनी माझ्यापुढे. म्हणाले, आज तिनं डोळे उघडले, अजून थोडं, उद्या बोलेल, अजून थोडं. मी विचारलं, आणि माझ्या नानांचं काय? म्हणाले, त्यांना एक वर्ष जास्तीचं मिळालं, हिला एक दिवससुद्धा मिळाला नाही.

मी त्यांना नको ते बोलले. मला त्यांची दया येतेय आणि गळा धरावासाही वाटतोय.

१३ मार्च, दुपार

मालकांचा बसल्या जागी डोळा लागला होता. मी गाडीच्या टपावर चढले. पान्यानं दिवा सोडवला, बॅटरी उचलली. आत बघायचं नाही ठरवलं होतं. शेवटची तार काढताना खालून एका बाईनं विचारलं, अगदी दमलेल्या आवाजात, पोचलो का आपण —

मी तार काढली.

दिवा आता आमच्या खोलीत आहे. दाराला आतून कडी घातलीय. प्लस बॉडीला. बाणाप्रमाणे फिरतोय, नानांच्या अंगावर.

मालक दार बडवतायत. ओरडतायत की तिचा श्वास थांबला, दिवा दे. मी कानात बोटं घातली. मला माझा माणूस हवाय.

दुपारनंतर

करंगळी हलली!

मग अंगठा. मग त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, वायरमन. मी लहान पोरीसारखी रडले.

पाय अजून ओढतायत. अजून थोडं ठेवते. पाय पूर्ण सुटू दे.

संध्याकाळ

नाना चालले! काठीशिवाय, भिंतीशिवाय. खोलीत फेऱ्या मारल्या आणि मला चिडवलं की माझ्यापेक्षा तेच ताठ चालतात. फोड बसला, डागही पुसट झाला. आता बंद —

बटण दाबलं जात नाही. गंजलंय.

तार ओढली. हातात भुगा आला. बॅटरीची टोकं पांढऱ्या पिठासारखी गळून पडली. बॅटरी केव्हाच मेलीय. आरसा फिरतोच आहे.

चादर टाकली — विरून चिंध्या झाल्या. हातोडी उचलली, दांडा निखळला. नुसत्या लोखंडानं काच फोडली, बल्ब फोडला. लाल पट्टा तसाच — भिंतीवरून, नानांवरून, माझ्यावरून —

दाराची कडी सरकत नाही. लाथा मारल्या. पलीकडे मालक अजून बडवत होते, हळू, मग आणखी हळू, म्हाताऱ्या माणसासारखे. आता थाप ऐकू येत नाही.

माझ्या हाताला सुरकुत्या —

नानांना भीती वाटत नाहीये. कुठं दुखत नाही म्हणतात, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. फक्त दमलोय, जरा आडवा होतो. मी म्हटलं आडवं व्हायचं नाही. तरी झाले. भुवया पांढऱ्या झाल्यात. मी बरा झालो तर तू रडतेस कशाला, विचारतायत.

त्यांचा हात धरलाय. दुसऱ्या हातानं लिहितेय. लिहायचं थांबवलं तर त्यांच्याकडे बघावं लागेल —

हात ऊबदार आहे. आहे अजून.

उजेड तोंडावरून जातो, अंधार होतो, परत येतो, दर फेरीला थोडे आणखी — नाना, बोला ना. टोमणा मारा एखादा. काहीही बोला — परत येतोय उजेड — बघू नको — आता —