बायकोवर नको तितकं प्रेम करणारा

९ जानेवारी १९७९, मंगळवार

किळस आली आज. वेनियामिन ल्वोविचनं कचेरीच्या फोनवरून, सगळ्यांदेखत, बायकोला विचारलं, "ल्योल्या, औषधाचे थेंब घेतलेस ना? मोजे घातलेस?" साठीचा माणूस! चार वाजले की टोपी चढवून घरी. आम्ही मात्र सहापर्यंत इंग्रजी-रशियन कोशाची कार्डं लिहीत बसायचं. बायकोचं हृदय कमजोर आहे म्हणतो, म्हणून त्याला सवलत.

आणि आज नेमका माझ्या वाट्याला शब्द आला 'अक्सोरियस'. इंग्रजांतही क्वचित कुणी वापरतं. अर्थ — बायकोवर नको तितकं प्रेम करणारा. रशियन वाचकाला हे एका शब्दात कसं सांगायचं? आपल्याकडे 'टाचेखालचा' आहे, पण तो बायकोला घाबरतो. हा घाबरत नाही, विरघळतो. शी!

११ जानेवारी

वापराचं उदाहरण हवं होतं. लिहिलं — 'तो इतका अक्सोरियस होता की बायकोचे मोजेही स्वतः धुवायचा.' टायपिस्ट झोयानं वाचलं. "कापितोलिना पेत्रोव्ना, असला नवरा कुठल्या दुकानात आलाय? सांगा, मी रांगेत उभी राहते."

घरी आले. ग्लेबनं पेपरातून डोकं न काढता विचारलं, "हेरिंग मासा आणलास?" बावीस वर्षं झाली लग्नाला. तुझे पाय गारठलेत का, असं यानं एकदाही विचारलेलं नाही. त्याचीही किळस येते. आधी यायची नाही.

१५ जानेवारी

आमचे प्रमुख रेम इग्नातिच यांनी बोलावलं. "ही चार वाजताची सवलत मला बंद करायचीय. तुम्ही युनियनच्या प्रतिनिधी. संत्री घेऊन त्याच्या घरी जा, बाईंची विचारपूस करा आणि काय दिसलं ते लिहून द्या. खरंच कुणी जवळ लागत असेल, तर राहू दे."

म्हणजे त्याचं चार वाजता घरी जाणं आता माझ्या हातात.

१७ जानेवारी

जाऊन आले. कसली आजारी! केस नीट विंचरलेले, ब्रोच लावलेला. चालते, हसते, चहा स्वतः ओतते. माझं नाव तीनदा विचारलं — केवढा तो तोरा! आणि हा तिच्यासमोर गुडघे टेकून तिच्या पायांत चपला सरकवतोय. संत्र्याच्या फोडींचे धागे काढून तिच्या हातात देतोय. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी सहज. मी चहा तसाच ठेवून उठले. निघताना दारात तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. काय बघायचं एवढं?

अहवाल लिहिला. 'पत्नी हिंडत्याफिरत्या आहेत. चहा स्वतः देतात. देखरेखीची गरज दिसली नाही.' खाली सही.

१८ जानेवारी

शब्दांची बैठक. 'अक्सोरियस'पुढे शेरा कोणता — 'विनोदी' की 'निंदाव्यंजक'? मी निंदाव्यंजक म्हटलं. सगळे चोरून वेनियामिनकडे बघत होते. त्यानं हात वर केला, तोही माझ्याच बाजूनं! "बरोबर आहे. लोक तो निंदेनंच वापरतात. कोशात लोकांचं लिहायचं, माझं नाही." कान लाल झाले होते, आवाज मात्र नीट होता.

मला त्याचा आणखीच संताप आला. हेवा म्हणावा तर म्हणावा, इथे कोण वाचतंय.

२२ जानेवारी

सवलत बंद. सहापर्यंत बसला. साडेचारनंतर तीनदा घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. घरी जाऊन बघून येतो म्हणाला. रेम इग्नातिच म्हणाले, "झोपल्या असतील हो. बसा." बसला. एकच कार्ड चार वेळा लिहून फाडलं.

मी शेजारच्याच टेबलावर होते. माझी कार्डं लिहीत राहिले.

२४ जानेवारी

परवा साडेचारला नवरा आला नाही म्हणून ल्योल्या त्याला शोधायला निघाली होती. बाहेर उणे एकवीस अंश. अंगावर कोटसुद्धा नाही. ट्राम डेपोपाशी सापडली. वाचेल, पण पायांची बोटं गेली.

वेनियामिन ल्वोविच रजेचा अर्ज द्यायला आला. ओरडला नाही. "तिनं तुमचं नाव तीनदा विचारलं होतं. ते लिहायचं राहून गेलं का हो?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. तो "असो" म्हणाला आणि गेला.

राहून गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाच मला कळलं होतं, दुखणं हृदयाचं नाही.